शरणपूरहून आफ्रिकेत

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दवाखाने आहेत, बँका आहेत, कपड्यांची दुकाने आहेत आणि संध्याकाळी वाहनांची कोंडी आहे. शरणपूर हे नाव कुठून आले असे विचारले, तर त्या रस्त्यावर उभा जन्म काढलेला माणूसही बहुधा ठाऊक नाही म्हणेल. शरण आलेल्यांचे गाव, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही वसाहत वसवली. तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहत, अनाथ मुले राहत, आणि पुढे काही वर्षांतच तिथे आफ्रिकेतली मुले येऊ लागली.

ही मुले स्वतःहून आली नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे निघालेली गलबते ब्रिटिश आरमार अधूनमधून पकडत असे. सुटका झालेल्यांना त्यांच्या गावी पोचवणे कुणालाच शक्य नव्हते. गाव कुठे, हे पुष्कळदा त्या मुलालाही सांगता येत नसे. आईपासून तोडले तेव्हा सहा-सात वर्षांचे असलेले पोर काय सांगणार? मग त्यांना एडनला, सेशेल्सला, मुंबईला उतरवत. मुंबईत उतरवलेल्यांपैकी काही घरांमध्ये कामाला लागली, काही जहाजांवर गेली आणि काही नाशिकला शरणपुरात आली. तिथे त्यांनी सुतारकाम शिकले, लोहारकाम शिकले, लिहायला-वाचायला शिकले. त्यांना नावे मिळाली ती पाद्र्यांच्या आणि सेनापतींच्या घराण्यांची : वेनराइट, फरार, वेलिंग्टन. कानावर हिंदुस्थानी आणि मराठी पडत होती, पुस्तकात इंग्रजी होती. आईची भाषा मात्र विसरत चालली होती.

मला दिलेला विषय तत्त्वज्ञानाचा आहे. आफ्रिकी विचारात आणि बौद्ध विचारात माणूस माणसाशी कसा बांधलेला मानला आहे, यावर बोलायचे आहे. मी कवी, शिक्षण बी. ए.पर्यंतचे. तत्त्वज्ञानाच्या घरात मी पाहुणाच. म्हणून पुढच्या दाराने न जाता इतिहासाच्या पडवीतून आत शिरतो. आपल्याकडे आफ्रिका म्हटले की जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात आणि मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे नंतरचे औरंगाबाद. तलवारीचा हा इतिहास शाळेत शिकवतात. शरणपूरच्या मुलांकडे तलवार नव्हती, त्यामुळे त्यांचे नाव कुठल्या धड्यात नाही.

ही मुले बहुतेक बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांतली होती. याओ, मकुआ, न्यासा सरोवराकाठचे लोक. ‘बांटू’ या शब्दाचा अर्थच माणसे. या शेकडो भाषांतून माणूस या अर्थाचा शब्द थोड्याफार फरकाने तोच आहे. दक्षिणेकडे झुलू लोकांत एक म्हण आहे, तिचा अर्थ, माणूस हा माणसांमुळे माणूस होतो. किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत तीच गोष्ट तीन शब्दांत आहे : ‘म्तु नी वातु’, म्हणजे माणूस म्हणजे माणसे. झुलू भाषेतला ‘उबुंटू’ हा शब्द आता जगभर गेला आहे, त्या नावाची संगणकप्रणालीसुद्धा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेत तो आला, आणि १९९५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली तेव्हा न्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रांत त्याचा आधार घेतला. केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला : आम्ही आहोत म्हणून मी आहे. त्यांच्या ‘आम्ही’मध्ये केवळ जिवंत माणसे येत नाहीत. गेलेले पूर्वज येतात आणि अजून जन्माला न आलेलेही येतात.

हा विचार ऐकायला फार गोड आहे, आणि म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. सभेत टाळ्या घ्यायला तो बरा आहे. त्याची धार कळते ती गुलामाकडे पाहिल्यावर. माणूस जर माणसांमुळे होत असेल, तर ज्याची सगळी माणसे तोडली गेली तो कोण? गुलामाचे अंग बांधलेले असते हे खरे, पण त्याआधी त्याचे आई, मामा, गाव, पूर्वज हे सारे कापून टाकलेले असते. साखळी नंतर येते.

याचे उत्तर शरणपूरच्या एका मुलाने दिले आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये शेवटच्या आफ्रिका प्रवासाच्या तयारीसाठी मुंबईला आला, तेव्हा तो नाशिकला गेला आणि तिथल्या नऊ तरुणांना त्याने बरोबर घेतले. १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून जहाज सुटले. त्या वर्षाच्या मध्यावर हा तांडा याओ लोकांच्या मुलुखातून जात असताना, बघायला जमलेल्या गर्दीत त्या नऊ जणांपैकी अब्राहम नावाच्या मुलाला आपला मामा दिसला. ओळख पटली. मग कळले की, अब्राहमला नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्या होत्या. मामाने राहण्याचा आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेही राहा म्हटले. पण मुलगा राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू, अशा अर्थाचे काही तो बोलला. लिव्हिंग्स्टनने ते रोजनिशीत टिपून ठेवले आहे. एरवी या नाशिकच्या मुलांबद्दल त्याची पुष्कळ कुरकुर आहे. आळशी आहेत, ओझे उचलत नाहीत, वगैरे. ही नोंद मात्र त्याच्या हातून निसटली नाही.

गाव मिळाले, मामा मिळाला, मातृभूमी मिळाली, तरी मुलाने ते नाकारले. ज्या नात्याने तो त्या गावचा झाला असता ते नातेच उरले नव्हते. म्तु नी वातु. मला वाटते, उबुंटूवरच्या अनेक व्याख्यानांपेक्षा अब्राहमचे हे नाकारणे अधिक बोलते.

आता बौद्ध विचाराकडे येतो, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. शरणपुरापासून सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथे लेणे कोरवले आणि गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात दोनशेचाळीस. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. हिशेब तंतोतंत जुळतो. (व्याजाचा विषय माझ्या घरात तसा नाजूक आहे, पण शिलालेखातले व्याज वाचायला हरकत नसावी.) उषवदात शक होता. डोंगरातले दुसरे एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे, म्हणजे ग्रीकाचे आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली, ती चारही दिशांकडून आलेल्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी. सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी, असे तिने लेखात कोरवले आहे.

आम्हा उपनगरवाल्यांना त्रिरश्मीपर्यंतही जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. रविवारी तिथे जाणारी मंडळी चैत्यगृह पाहतात, माकडांना टाळतात आणि परततात. पाहायला हवीत ती पाण्याची टाकी आणि कातळातल्या वाटा. शंभरावर लेणी असलेल्या या डोंगरात पाऊस धरून ठेवायची केवढी तरी व्यवस्था आहे, आणि टाके कुणी दिले, वाट कुणी दिली हे ठिकठिकाणी कोरलेले आहे. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट दिली. दाते चौलचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. एका दानात मंगलठाण गावचे शेत आहे, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंची सोय व्हावी म्हणून. मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे. आज तिथे बस आगार आहे. पुढे नवव्या शतकात थेट बंगालमधून आलेल्या एका भक्ताने इथे शंभर द्रम्म ठेवले, आणि १००९ व १०२१ साली आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली.

भिक्षू म्हणजे घर सोडलेला माणूस. आई-बाप, जात, धंदा सगळे मागे टाकून निघालेला. आणि तोच रोजच्या अन्नासाठी, पाण्यासाठी, चालायच्या वाटेसाठी सोनार-लोहारांवर अवलंबून! बुद्धाने हे मुद्दामच असे ठेवले असावे असे मला वाटते. स्वयंपाक करून साठवायची परवानगी भिक्षूला नाही. त्याला रोज कुणाच्या तरी दाराशी उभे राहावेच लागते.

या व्यवस्थेमागचा विचार म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. शब्द अवघड आहे, पण गोष्ट साधी आहे. काहीही आपल्या एकट्याच्या बळावर उभे नसते. अनेक कारणे जुळून येतात तेव्हा एखादी गोष्ट होते, आणि ती कारणे सुटली की ती सरते. हाच विचार सांगणारी बौद्धांची प्रसिद्ध गाथा उमटवलेल्या मातीच्या मुद्रा कान्हेरीच्या कोरड्या मातीत १८५३ मध्ये सापडल्या. जवळपास त्याच काळात नाशिकला शरणपूर उभे राहत होते.

दोन्ही विचार एकच, असे म्हणायचा मोह होतो. पण तसे नाही. आफ्रिकी विचारात माणूस घडतो तो नाव-गाव असलेल्या माणसांमुळे : आई, मामा, कुळ, पूर्वज. बौद्ध विचार त्याच्या पुढे, किंवा पलीकडे जातो. तो म्हणतो, ज्याला तू ‘मी’ म्हणतोस तोच मुळात एक जुळलेला मेळ आहे, आत कायमचा असा कुणी बसलेला नाही. एक माणसाला नात्यात पक्का करतो, दुसरा ‘मी’चीच गाठ सैल करतो. अब्राहमला त्रिरश्मीवरच्या एखाद्या भिक्षूने काय सांगितले असते? आई-बहिणीचा मोह सोड, असे? मला ते फार रुक्ष वाटते. की, ज्यांना आई नाही अशा चारही दिशांकडून आलेल्यांसाठी औषधाचे पैसे ठेवणारी एखादी विष्णुदत्ता असते, असे? हे दुसरे उत्तर मला जवळचे वाटते. तिने ज्यांच्यासाठी ठेव ठेवली त्यांना ती ओळखत नव्हती.

परस्परावलंबन ही नेहमीच शुभ गोष्ट असते असेही नाही. पूर्व आफ्रिकेतून मुंबई बंदरात हस्तिदंत येई. त्याचे चुडे गुजरात-कच्छच्या नववधूंच्या हातात जात. आफ्रिकेच्या आतल्या भागातून ते दात किनाऱ्यापर्यंत वाहणाऱ्या तांड्यांत पुष्कळ गुलाम असत. झांजिबारमध्ये या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्याचे हिंदू-मुसलमान सावकार होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पदरी गुलाम होते. १८६० मध्ये तिथल्या ब्रिटिश वकिलाने असे हजारो गुलाम मोकळे केले. म्हणजे कच्छमधल्या लग्नातला चुडा आणि याओ मुलाच्या गळ्यातले जोखड हीही कारणांची साखळीच. बुद्धाने उपासकाला जे पाच धंदे वर्ज्य सांगितले आहेत त्यांत माणसांचा व्यापार आहे, शस्त्रे आणि विष यांच्या पंक्तीत. सगळे एकमेकांत गुंतलेले आहे एवढे कळून भागत नाही, कुठला धागा सोडायचा हेही पाहावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. आणि त्या तिन्हींत बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले, कारण ती नसेल तर नुसता कायदा समतेचे रक्षण करू शकत नाही. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून तिथले निग्रो आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. डू बॉइस यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उत्तरही पाठवले.

पुन्हा शरणपूरच्या मुलांकडे जाऊ. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातील चितांबो गावी वारला. बरोबर साठ-सत्तर माणसे होती. त्यांत अब्दुल्ला सुसी होता, ज्याने मुंबईच्या गोदीत काम केले होते. चुमा होता, जो मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. आणि नाशिकहून नंतर पाठवलेल्या तुकडीतले जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन वगैरे होते. त्यांनी मालकाचे काळीज तिथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात सुकवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट, नऊ महिने. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने सुचवले की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले.

इंग्रजांनी या गोष्टीला स्वामिनिष्ठा म्हटले आणि तिची चित्रे काढली. असेलही थोडी निष्ठा. पण मला त्यात दुसरे काही दिसते. ज्यांना स्वतःच्या माणसांपासून तोडले होते, त्यांनी एका परक्या मृताला त्याच्या माणसांत नेऊन पोचवले. मेलेला माणूस आपल्यांत पोचला नाही तर तो धड गेलेलाही होत नाही, ही त्यांच्या आज्या-पणज्यांची समजूत. अब्राहमला मिळाले नाही ते त्यांनी लिव्हिंग्स्टनला दिले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा त्या सगळ्या वाहकांपैकी एकटा जेकब तिथे होता, कारण त्याच्या प्रवासाचे पैसे मिशनने भरले होते. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते नंतर.

१८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत सुरू झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. नाशिकहून आणि मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकन तिथे गेले आणि शरणपूरचे आफ्रिकन आश्रयस्थान बंद झाले. तिथे त्यांना नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकला ते आफ्रिकेचे होते, आफ्रिकेत मुंबईचे झाले. स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली.

त्यांच्याआधीच, १८६४ मध्ये, याच मिशनने तयार केलेला विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या रबई गावी गेला होता. पुढे तो पाद्री झाला. रबईला मळ्यांतून पळालेले गुलाम येऊन राहू लागले. मालकांची बोलणी, मिशनची मनाई, हे सारे असताना जोन्सने त्यांना आसरा दिला, झोपड्या बांधू दिल्या, जमिनी कसू दिल्या. हे मालक बहुतेक मुसलमान होते, हे मी इथे सांगितलेच पाहिजे. मान मोकळी करणे हीच अवघड चढण आहे असे ज्या कुराणात सांगितले आहे, ते कुराण त्यांच्या घरात होते. १८८८ मध्ये मालकांनी आपली माणसे परत मागितली, तेव्हा रबईत आणि आसपासच्या मिशन ठाण्यांत असे चौदाशेच्या आसपास लोक निघाले. शेवटी ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबईत त्यांना मुक्ततेचे कागद वाटले गेले.

फ्रीरटाउनला एक घंटा बांधलेली होती. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची, म्हणजे सगळे जमतील. मोंबासातल्या त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. मॅथ्यू वेलिंग्टन म्हातारपणी मोंबासातच राहत होता. नाशिकला शिकलेला, चितांबोपासून किनाऱ्यापर्यंत तो देह वाहणाऱ्यांतला हा माणूस १९३५ साली वारला.